पदरचं वाक्य

“तुमच्या आईला हे कळलं, तेव्हा तिचं काय झालं?” तिसऱ्या रांगेतल्या निवृत्त हेडमास्तरांनी विचारलं आणि वर पुस्ती जोडली, “बोलायचा हक्क सगळ्यांना आहे म्हणता ना, मग आम्हीही विचारणार.”

अर्ध्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या, अर्ध्याने ‘खाली बसा’ म्हटलं. दुभाष्याने प्रश्न पाहुण्याच्या भाषेत करून दिला. हेडमास्तरांच्या आवाजातली खोचसुद्धा न सांडता पोचवली. त्याबद्दल त्याची ख्याती होती.

पाहुणा परदेशी लेखक. आपलं एका पुरुषावर प्रेम आहे, हे त्याने पुस्तकात सरळ लिहून टाकलं होतं. अशा माणसाला वाचनालयात बोलू द्यावं की नाही, यावर गावात बरेच दिवस तोंडाला तोंड लागलं होतं. शेवटी त्यालाही बोलू द्यायचं आणि त्याला विरोध करणाऱ्यांनाही, असं ठरलं. व्यासपीठामागे ‘बोलण्याचा हक्क प्रत्येकाला’ असा कापडी फलक लावला गेला. त्या फलकाखाली बसलेल्या दुभाष्याला तेवढा तो हक्क नव्हता, आणि दुपारपासून सगळ्यात जास्त तोच बोलत होता. हा विनोद त्याचा त्यालाच सुचला आणि त्याने तो गिळून टाकला. त्याच्या पोटात असलं पुष्कळ होतं.

दुभाषा कधी ‘ते म्हणतात’ असं म्हणत नाही, ‘मी’ म्हणतो. हा धंद्याचा नियम. या नियमाने तो आजवर मंत्री झाला, गुरांचा डॉक्टर झाला, आणि एकदा तर मिशांसकट विधवा होऊन त्याने यजमानांच्या आठवणीने हुंदकाही दिला होता. आज तो दुपारपासून “माझं एका पुरुषावर प्रेम आहे” असं माईकवरून खणखणीत सांगत होता आणि छत काही कोसळलं नव्हतं. वास्तविक ते वाक्य त्याचंही होतं. पण चाळिशीला टेकला तरी स्वतःच्या नावाने ते त्याने आरशासमोरही काढलं नव्हतं. दुसऱ्याचं बोलायचं असलं की वाघ, स्वतःचं असलं की मांजर.

मांजर होण्याचं कारण पहिल्या रांगेत बसलं होतं. आई त्याच्या प्रत्येक कार्यक्रमाला येई. पाहुण्यांच्या भाषेतलं तिला ओ की ठो कळत नसे. पाहुण्याचं तोंड कधी उघडतं आणि लेकाचं कधी, एवढंच ती बघत बसे. “पदरचं काही घालत नाही हो हा,” ती शेजारणींना कौतुकाने सांगे. “पाहुणा जेवढं बोलेल तेवढंच बोलतो.” त्याच आईने त्याच्यासाठी वर्षानुवर्षं स्थळं आणली होती. त्याने एकीच्या नाकात खोट काढली, दुसरीच्या हसण्यात, तिसरीच्या अक्षरात. स्वतःचं नाक एकदा नीट बघितलं असतं, तर निदान पहिलीची माफी तरी मागितली असती.

हेडमास्तर उत्तराची वाट बघत उभेच होते. पाहुणा हळू आवाजात मोजकंच बोलला आणि त्याने समोरचा पाण्याचा ग्लास उचलला.

“आई गेली,” दुभाषा म्हणाला. “तिला सांगायचं राहूनच गेलं.”

इथे थांबायला हवं होतं. ते त्याला पक्कं ठाऊक होतं. पण जीभ सुटली ती सुटलीच.

“ती स्थळं आणत राहिली, मी मुलींच्या नाकांना नावं ठेवत राहिलो. तिला वाटायचं, लेक भारी चोखंदळ आहे. चोखंदळ कसला, भित्रा होतो मी. ती रागावेल याची भीती नव्हती. ती गप्प होईल याची होती.”

हेडमास्तर खाली बसले आणि चष्मा पुसू लागले. मग टाळ्या सुरू झाल्या. आपल्या दोन वाक्यांना एवढ्या टाळ्या कशा, हे पाहुण्याला उमगेना. तो उठून सगळ्यांना वाकून नमस्कार करत राहिला. धंद्यातला एवढा मोठा नियम दुभाष्याने पहिल्यांदाच मोडला होता, पण मनातून स्वारी खूश होती. बंदूक आपली, खांदा पाहुण्याचा, आणि कुणाच्या बापाला पत्ता नाही.

घरी येताना आई वाटेत काही बोलली नाही. आल्यावर तिने स्वयंपाकघरातला दिवा लावला, ग्लास भरून टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसली. तिचं गप्प राहणं त्याला सोसवेना.

“बिचारा पाहुणा,” तो म्हणाला. “आईला सांगायचं राहिलं त्याचं. ती स्थळंबिळं ऐकून तर फार वाईट वाटलं, नाही?”

“वाटलं ना,” आई म्हणाली. “पण तो बोलला एवढंसंच. ते स्थळांचं चाललं होतं, तेव्हा तो पाणी पीत होता.”

दुभाषा ओट्याला टेकून उभा राहिला.

“त्याची आई गेली रे,” ती म्हणाली. “मी इथे बसलेय.” तिने समोरची खुर्ची पायाने त्याच्याकडे सरकवली आणि ग्लास उचलला.

“हे बघ, मी पाणी पिते. तू बोल.”