लग्नाची सीडी

"तुझी आत्याच पंगतीतून रुसून उठली होती. लग्नाच्या सीडीत पाहिलंय मी!" नवरा म्हणाला.

"तुमचे काका उठले होते. मीही सीडीतच पाहिलंय!" बायको म्हणाली.

एकोणीस वर्षांच्या या वादाचा निकाल लावायला आज त्याने माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढला. सीडीचा ट्रे उघडेना, तेव्हा तिने ट्रेखालच्या बारीक भोकात टाचणी खुपसली. चित्र अडकलं, तेव्हा त्याने सीडी बनियनला पुसली. अखेर सनई वाजली.

पडद्यावरची नवरी अनोळखी होती. नवराही. शूटिंगवाल्याने तेव्हाच भलत्या लग्नाची सीडी दिली होती. दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

तेवढ्यात पंगतीतून एक बाई तणतणत उठली.

"बघ! नवरीकडचीच आहे!" नवरा ओरडला.

"कशावरून? मागे घ्या जरा!"