इस्त्रीचा कोट

हौशी मंडळींसोबत जुनी लढाई मैदानावर हुबेहूब उभी करायची, म्हणून त्यानं वर्षभर बाजार पालथे घालून घोडदळाच्या अधिकाऱ्याचा पोशाख जमवला: जाड लोकरीचा कोट, पितळी बटणं, गुडघ्यापर्यंतचे बूट. नवेपणा दिसू नये म्हणून कोटाला मुद्दाम चिखल फासला, धूर दिला. निघताना बघतो तर कोटाला कडक इस्त्री आणि बटणं लखलखीत! “किती मळवला होतास रे! चार लोकांत घालायचाय ना?” आई म्हणाली. पुन्हा मळवायला वेळ नव्हता; तो तसाच कोट चढवून निघाला. मैदानावर पोशाख तपासणारे गृहस्थ बाकीच्या मळकट अधिकाऱ्यांवर करवादत आले आणि त्याच्यापाशी थबकले. “शाब्बास! अधिकाऱ्याच्या हाताखाली रोज कोट झटकणारा शिपाई असायचा, हे फक्त तुम्हालाच सुचलं. कुठाय तुमचा शिपाई?” कडेच्या गर्दीत आई उभी होती. त्यानं टाचा जुळवून तिला सलाम ठोकला. “साहेब, शिपाई मीच. अधिकारी त्या तिकडे.”