भाड्याचा आवाज

“न्हाई. पुन्हा घ्या,” म्हणत धर्मसिंगनं माईक टेबलावर ठेवून दिला.

टेपरेकॉर्डर सांभाळणाऱ्या तातेराव कंपाउंडरनं कपाळाला हात लावला. “अहो, बराबर झालं व्हतं की! माझ्या अंगावर काटा आला.”

“काटा मी राक्षसाच्या सिनेमालाबी आणतो. काट्यानं लेकरं दवाखान्यात येत न्हाईत.”

आखाडा बाळापूरच्या शाळेतली ती खोली. बाहेरचा गलका आत येऊ नये म्हणून मे महिन्याच्या उकाड्यात खिडक्या लावून घेतलेल्या. मनकर्णा मांडीवरच्या पोरीला पदरानं वारा घालत होती. मजकूर तिनंच लिहिला होता. बी.ए. झालेली, शाळेत मास्तरीण, आणि गावातलं महिला मंडळ तिच्याच अंगावर. पलीकडच्या वाडीत घटसर्पानं दोन लेकरं दगावली होती. तरीही मागच्या खेपेला लस टोचणारे आले, तेव्हा बायांनी पोरं कणगीत लपवली. आणीबाणी सरून दोन वर्षं झाली होती, पण सरकारी सुई म्हटलं की लोकांना अजून नसबंदीच आठवत होती.

म्हणून आवाज भाड्यानं आणायचं ठरलं. टेप भरायची, भोंगा बांधलेली बैलगाडी वाड्यावाड्यांवर फिरवायची. आणि आवाज धर्मसिंगचाच हवा. तंबूतल्या सिनेमाची तो हाळी द्यायचा, तेव्हा पार कुरुंद्याकडची माणसं चालत यायची. उद्या त्याचा तंबू यात्रेला हलणार होता. हातात एवढी एकच दुपार होती.

गळ्यात रेशमी रुमाल बांधून, खिशात खडीसाखर घेऊन तो आला होता. माठातलं पाणी त्यानं परत पाठवलं. “गार न्हाई चालत. गळा हाय हा, गटार न्हाई.” मग चार वेळा त्यानं मजकूर म्हटला. चारही वेळा खोली भरून गेली. चारही वेळा त्यालाच तो पसंत पडला नाही.

“आता काय राहिलं?” मनकर्णानं विचारलं.

“बाई, मी कोणाशी बोलून राहिलो? तंबूपाशी मी एक माणूस धरतो. बायकोशी भांडून आलेला, आत जावं का माघारी, असं करणारा. मी त्याच्याशीच बोलतो. तो आत गेला की बाकीचे जातात. इथं माझ्यासमोर कोण हाय?”

“आई आहे.”

“तिला भेव कशाचं?”

“नसबंदीच्या अफवेचं. आणि अज्ञान.”

“अफवा मी दोन वाक्यांत मोडतो. अज्ञानानं कोणी पोटचं लेकरू कणगीत घालत न्हाई.”

मनकर्णाचा वारा घालणारा हात थांबला. मग बोलायला लागली, आधी अडखळत.

“टोचलं की जागा सुजते. त्याच रात्री अंग तापतं. लेकरू दूध घेत नाही. घरातले सगळे झोपतात, आणि ती एकटी पाळण्याशी बसते. श्वास चालू आहे ना, ते बघत. घटसर्प झाला तर तो रोग असतो हो. पण टोचून काही झालं तर ते आपण केलेलं असतं. आपणच लेकराचे हात धरलेले असतात. तिला हे कोणी विचारत नाही. सगळे म्हणतात, शिकलेली नाही म्हणून घाबरते.”

तातेरावनं मशीनवरची नजर वर केली. धर्मसिंग तिच्या मांडीवरच्या पोरीकडे बघत होता. बोलला तेव्हा त्याचा आवाज भोंग्यातला नव्हता, घरातला होता.

“बाई, हिला टोचलं का?”

“काय विचारता राव!” तातेराव हसला. “सगळ्या गावाला सांगून राहिली ती बाई. तिच्याच पोरीला...” त्यानं मनकर्णाकडे पाहिलं आणि पुढचं गिळलं.

आधी पोरीला सर्दी होती, म्हणून टोचायचं राहिलं. मग दात येत होते. मग पाहुणे होते. कारण विचारायलाही कोणी आलं नव्हतं. बाईंच्या पोरीला टोचलेलंच असणार, असं सगळेच धरून चालले होते.

धर्मसिंगनं माईक हातात घेतला. “मी बोलतो. लस चांगली हाय, ते खरंच हाय. पण तुमी चार डाव ऐकलं. त्या आईला पटलं का, तेवढं सांगा.”

बाहेर बैलगाडीवाला भोंगा बांधत होता. पोर मनकर्णाच्या बोटाशी खेळत होती. तिनं हात वर करून जांभई दिली आणि आईच्या पोटात डोकं खुपसलं.

“नाही पटलं,” मनकर्णा म्हणाली.

“मग काय म्हणू?”

तिनं पोरीला खांद्यावर घेतलं.

“म्हणा, सोमवारी शाळेच्या ओट्यावर पहिली सुई मास्तरीणबाईच्या पोरीला. बायांनो, रात्री तिच्या पाळण्यापाशी बसायला या. बाईला एकटीला भीती वाटते.”