हिरवा ठिपका

सहारातल्या आमच्या टोळ नियंत्रण कार्यालयाने उपग्रहाची चित्रं घ्यायला सुरुवात केली, तेव्हा संचालक म्हणाले, "पाऊस पडून हिरवळ कुठे उगवली, ते आता इथे बसून कळेल. टोळांना पंख फुटायच्या आतच फवारणी करायची."

पहिल्या हिरव्या ठिपक्याकडे निघायचा, साहेबांच्या सहीचा हुकूम माझ्या हातात पडला. दोन दिवस वाळू तुडवत गाडी तिथे पोचवली, तर हिरवळ नावालाही नव्हती. म्हातारा सालेक उंटांपाशी चहा उकळत बसला होता.

"ये रे, बेताह, बैस. टोळ शोधतोयस? परवाच पंख फुटले त्यांना. दक्षिणेला गेले, बाजरीच्या शेतांकडे."

माझ्या भावाची बाजरी तिकडेच उभी होती.

"सालेककाका, तुम्ही इथे कधीपासून?"

"झाले की सतरा दिवस. उंट बघ कसे पोसलेत."

"पण तुमचा तळ चार दिवसांच्या वाटेवर. इथे चारा आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आमच्या लेकीने, तस्लेमने. तुमच्याच हापिसात ती चित्रं बघते ना! इथलं चित्र फोनवर धाडलं तिने."

मी भडकलोच. "सरकारी चित्र साहेबांच्या आधी बापाला?"

म्हाताऱ्याने शांतपणे चहाचा पेला माझ्या हातात दिला.

"नाही रे, साहेबांना आधी धाडलं, मला मागून. पण माझे उंट कुणाच्या सहीसाठी थांबत नाहीत."