एका कोयत्यात किती माणसं?

“एका कोयत्यात माणसं किती?” तेजलने उसाच्या फडात सगळ्यांसमोर कवचाला विचारलं. बांधावरच्या मैत्रिणी ऐकायला पुढे सरकल्या. ‘एवढी तावातावाने बोलतेस, तर विचारून दाखवच,’ असं त्यांनीच तिला डिवचलं होतं.

कवच म्हणजे फडावर घिरट्या घालणारं मजुरांचं विमायंत्र. कुणाला लागलं की ते दवाखान्याची गाडी बोलवायचं आणि माणूस बरा होईपर्यंत घरबसल्या मजुरी द्यायचं. परवा तेजलच्या अण्णांचं नुसतं बोट कापलं, तर ते लगेच झेपावलं होतं. आज मोळी उचलताना आईच्या कमरेत उसण भरली, ती पाचटावर आडवी झाली, पण कवच ढिम्म हललं नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुकादमाने कवचाला कोयत्यामागे एकच नाव सांगितलं होतं, नवऱ्याचं.

“एक,” कवच म्हणालं.

“मग मोळी काय भूत वाहतं?”

कवच आईच्या दिशेने वळलं. “दुसऱ्या माणसाने स्वतः नाव सांगावं.”

“मुकादमाला न इचारता?” अण्णा चपापले. “पुढच्या साली काम देईल का त्यो?”

आई कण्हतच हसली. “इतक्या वर्सांत माझं नाव इचारलंय कुणी?” मग तिने आवाज चढवला, “गयाबाई बंकट सानप. ऊस तोडती!”

कवच झपकन खाली उतरलं.

“अण्णा, आई, माझं ठरलं,” तेजल म्हणाली. “आता फडातल्या एकेका बाईला इथं आणते आणि तिचं नाव बोलायला लावते. मुकादम सगळ्याच कोयत्यांना घरी बसवील, तर ऊस काय स्वतः तोडील?”