बॅटरीखालचं भोक

भोक सापडलं.

नकली फोनची बॅटरी उचकटून काढल्यावर आतल्या पत्र्याच्या डाव्या कोपऱ्यात ते होतं, टाचणीच्या डोक्याएवढं. कात्रीसाहेबांनी भिंग खाली ठेवलं, चष्मा पुसला आणि पुन्हा भिंग उचललं. भोक होतं तिथेच होतं.

कात्रीसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. फोनच्या या कारखान्यात नव्या मॉडेलची रचना तेच करत आणि खर्च दिसला की त्याला कात्री लावत. दोन स्क्रूंत भागत असेल तर तिसऱ्याला ते फोनात पाऊल ठेवू देत नसत. तरीही दर वेळी बाजारात त्यांच्या आधी नक्कल हजर. तोच आकार, तोच रंग, निम्मी किंमत. दुकानदार दोन्ही फोन शेजारी शेजारी मांडायचे आणि गिऱ्हाईक बिनदिक्कत नकली उचलायचं. आतलंच कुणीतरी फितूर आहे, हे शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं.

म्हणून या खेपेला त्यांनी सापळा लावला. नव्या मॉडेलचे तीन नमुने करून घेतले. एक गेला खरेदी विभागात, एक साच्यांच्या विभागात आणि एक चाचणीच्या खोलीत. प्रत्येकात एक बिनकामाचं भोक, पण दर नमुन्यात वेगळ्या जागी. नक्कल करणाऱ्याला कुठलं भोक कशासाठी ते कळत नाही, तो डोळे मिटून सगळंच उतरवतो. सापळ्याचं त्यांनी कुणाला सांगितलं नाही, मालकांनासुद्धा नाही. मुख्य व्यवस्थापकाची खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर त्यांचा डोळा होता. फितुराचं नाव एकदम मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवायचं, असा बेत होता.

डावा कोपरा म्हणजे चाचणीची खोली. आणि चाचणीची खोली म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ.

धाकट्याचं काम फोन वरून खाली पाडायचे आणि काय फुटतं ते बघायचं. लहानपणी वस्तू फोडल्या म्हणून मार खाल्ला, आता त्याचाच पगार घेतो, असं आई येईल त्याला हसून सांगायची. त्याला इथे चिकटवलं होतं कात्रीसाहेबांनीच.

"दादा, मी नाही," धाकटा म्हणाला. "आईशप्पथ. नमुना माझ्या कपाटातून बाहेर गेला तो एकदाच. मालकांनी रविवारी बघायला म्हणून घरी मागवला होता."

कात्रीसाहेबांनी चाचणीच्या खोलीत सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत मारली. "स्वतःचं पाप झाकायला मालकांवर आळ घेतोस?"

मालकांच्या खोलीचा जिना चढताना क्षणभर वाटलं, गप्प बसावं, पाठचा भाऊ आहे. पण जिन्याच्या वरच्या टोकाला ती रिकामी खुर्ची दिसत होती. ते आत गेले आणि नाव सांगून मोकळे झाले. मालक त्या भोकाकडे बराच वेळ बघत राहिले.

त्याच दुपारी पहारेकऱ्याने धाकट्याला दंडाला धरून बाहेर काढलं. त्याचा फोटो फाटकावर लागला. धंद्यात बातमी पसरायला वेळ लागला नाही. एकाही कारखान्याने त्याला दारात उभं केलं नाही. बायको मुलीला घेऊन माहेरी निघून गेली. आता तो पुलाखाली फोनची कव्हरं विकत होता. "माझं पोर फोडेल, पण चोरायचं नाही," असं आई एकदाच म्हणाली. थोरल्याने तिलाही गप्प केलं, आणि ती बाई हसायचीच बंद झाली.

खुर्ची मात्र मिळाली. पहिल्याच दिवशी मालक कात्रीसाहेबांना गाडीत घालून शहराच्या दुसऱ्या टोकाला, पाटी नसलेल्या एका गोदामात घेऊन गेले. आत लांबलचक टेबलं होती. मुली मान खाली घालून फोन जोडत होत्या. कोपऱ्यात एक यंत्र खटाखट भोकं पाडत होतं. कात्रीसाहेबांनी एक सुटा पत्रा उचलला आणि भोक शोधलं. डावा कोपरा.

"नक्कल कुणीतरी काढणारच," मालक म्हणाले. "मग आपणच का काढू नये? अस्सल घेणाराही आपला, नकली घेणाराही आपलाच."

कात्रीसाहेबांनी पत्र्यावरून नजर उचलली. "मग... माझा भाऊ?"

"तो तुम्हीच आणून दिलात की. मी कुठे मागितला होता?" मालकांना खरोखरच नवल वाटलेलं दिसलं. "सापळा लावताय हे आधी कानावर घातलं असतंत, तर मी नमुना घरी नेलाच नसता. आता बोलवायचं असेल त्याला परत, तर खुशाल बोलवा. पण मग त्याच्या जागी फाटकावर कुणाचा फोटो लावायचा, तेही तुम्हीच सांगा."

धाकटा खरं बोलत होता याचा पुरावा त्या टेबलांवर ढिगाने पडला होता. कात्रीसाहेबांना आईचा चेहरा आठवला. मग खुर्ची आठवली.

"बरं, कामाचं बोलू," मालक म्हणाले. "हा माल अजून महाग पडतोय. बाजारात कुणीतरी याच्याहून स्वस्त घेऊन आलंय. कुठे लावायची कात्री?"

कात्रीसाहेबांनी खिशातून भिंग काढलं. पत्रा दिव्यासमोर धरला. भोकातून बारीकसा उजेड त्यांच्या डोळ्यावर आला.

"हे भोक बिनकामाचं आहे, साहेब," ते म्हणाले. "उद्यापासून पाडायला नको."