रेल्वेचं पाणी

भैरवीनं बाभळीचे काटे बाजूला सारून चौथऱ्याचा फोटो काढला, तेव्हा टँकरपाशी रांगेत उभ्या असलेल्या बायका तिच्याकडंच बघत होत्या.

"काय हुडकलालाव, बाई?" रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या कस्तुराबाईनं विचारलं.

"जुनं स्टेशन. इथं छोटी गाडी थांबायची ना?"

"थांबायची की. रूळ उचलून नेले. फलाटाचे दगड गावानं नेले. हे तेवढं ऱ्हायलं."

हे म्हणजे काळ्या दगडांचा चौथरा. त्यावर एके काळी लोखंडी टाकी होती आणि गाडीची इंजिनं इथं पाणी घ्यायची. भैरवी तुळजापूरच्या एका शाळेत शिकवायची. सुट्टी लागली की या बंद पडलेल्या लाइनीवरून एकटीच हिंडायची आणि स्टेशन, पूल, गेटमनची खोली, जे काही उरलं असेल त्याचे फोटो काढून ठेवायची. तेर गावापासून इथवर तिला कुणी अडवलं नव्हतं.

चौथऱ्याच्या बुडाशी तिला पाइप दिसला. बिडाचा, चांगला जाड, गंजून लाल झालेला. तिनं पायानं माती सारली. पाइप सरळ रानात शिरला होता. टाकीला पाणी कुठून यायचं ते बघावं म्हणून ती त्याच्या रोखानं चालायला लागली. नांगरटीत तो दिसेनासा झाला, बांधापाशी पुन्हा वर आला. ऊन मी म्हणत होतं. बांध ओलांडताना तिनं मागं पाहिलं. कस्तुराबाईसह पाचसहा बायका रिकाम्या घागरी कमरेवर घेऊन तिच्यामागून येत होत्या.

पाइप एका तारेच्या कुंपणाखालून आत गेला होता. आत डाळिंबाची बाग. बागेच्या कडेला घडीव दगडांची मोठी विहीर होती आणि तिच्या काठातून पाइपाचं तोंड बाहेर आलेलं दिसत होतं. मोटार चालू होती.

मोटारीच्या खोलीतून कृष्णराज बाहेर आला. बाग त्याची, मघाचा टँकरही त्याचाच. याच विहिरीवर भरून तो दोन दिवसांआड वस्तीवर पाठवायचा, आणि वस्ती त्याचे उपकार मानायची.

"वाट चुकलाव का मॅडम?"

"नाही. रेल्वेच्या टाकीचा पाइप बघत होते."

कृष्णराजनं बायकांकडं पाहिलं. मग फाटकापाशी येऊन म्हणाला, "ही इहीर आमच्या आज्यानं खांदलेली हाय. कुठल्या शाळेत शिकवता तुम्ही?"

भैरवीनं शाळेचं नाव सांगितलं.

"मग तर घरचंच झालं. तुमच्या संस्थेतली मंडळी आपल्याकडं जेवायला असतात." तो हसला. "ह्या बायकांच्या डोक्यात उगाच काहीतरी बसंल. तुम्ही शिकलेल्या हाव, तुम्हीच सांगा ह्यांना. ही इहीर रेल्वेची हाय का?"

नक्की सांगता येणार नाही, हे वाक्य भैरवीच्या जिभेवर तयार होतं. ते बोलली असती तर संध्याकाळच्या एसटीनं निवांत घरी गेली असती.

"पाइप टाकीपासून इथपर्यंत आलाय," ती म्हणाली. "विहीर रेल्वेचीच आहे."

कृष्णराजचं हसू गेलं. त्यानं टँकरच्या दिशेनं हाळी दिली, "बंडप्पा! नळी गुंडाळ. टँकर काढ तिथून. आता ह्या बाया रेल्वेचं पाणी पितेत!"

टँकर सुरू झाला. नळीतून पाणी सांडत तो रस्त्याला लागला आणि धुरळ्यात दिसेनासा झाला.

कृष्णराजनं फाटकाच्या खांबाला खांदा टेकला. "कुणाला यायचंय आत, या. मी बी बघतो, कोण येतंय."

एकही बाई हलली नाही. सगळ्या त्याच्याच बागेत रोजानं जायच्या.

"झालं समाधान?" लेकरू कडेवर घेतलेली शिवांजली भैरवीवर कडाडली. "आता ह्याला काय पाजू मी?"

"तुम्ही तहसीलला अर्ज द्या. माझ्याकडं फोटो आहेत, मी..."

"फोटो पाजू व्हय?"

भैरवीनं आधारासाठी कस्तुराबाईकडं पाहिलं. म्हातारीची नजर शिवांजलीच्या बोलण्याहून कडक होती.

"इहीर रेल्वेची हाय, हे आमाला म्हाईत न्हवतं असं वाटलं का तुमाला? गाडी होती तवा म्या ह्या पाण्यावर धुणं धुतलंय. आमी बोलत न्हवतो ते काय मुक्या हाव म्हणून?"

"मला वाटलं..."

"तुमी बोलून मोकळ्या झालाव. सांजच्याला एसटीत बसून जाताव." कस्तुराबाईनं कमरेवरची घागर काढली आणि भैरवीच्या छातीशी दाबली. "आता चला फुडं. पयली घागर तुमी भरा."

भैरवीनं घागर धरली. उन्हानं ती चटका बसेल इतकी तापली होती. तिनं ती बायकांसारखी कमरेवर घेऊन पाहिली, पण घसरायला लागली, तेव्हा पोटाशी कवटाळली. एका हातानं फाटकाची कडी काढली.

कृष्णराज वाटेच्या मधोमध येऊन उभा राहिला.

भैरवी आत गेली. त्याच्याकडं चालत असताना तिचे कान मागं लागले होते, आपल्या पावलांखेरीज आणखी कुणाची पावलं वाजतायत का ते ऐकायला.